बारा तासांच्या आत

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
पोटगी कार्यालयाचं पत्र. लेकीने दीड वर्ष कपड्यांच्या दुकानात काढून पुन्हा कॉलेजात नाव घातलंय म्हणे. वय एकोणीस, शिक्षण पूर्णवेळ. म्हणून तिच्या आईला मी द्यायची ती मध्ये बंद झालेली पोटगी परत सुरू. हरकत असल्यास दोन आठवड्यांत कळवा. मी शांत आहे. चहा दोनदा उतू गेला तो गॅसमुळे.
पैशाचा प्रश्नच नाही. तत्त्वाचा आहे.

सायं. ६
पत्रामागे बारीक अक्षरात नियम सापडला. आठवड्याला बारा तासांपेक्षा जास्त शिकवणी हवी, सुट्टी धरायची नाही. आणि कोर्स कसला, तर दातांच्या कवळ्या बनवण्याचा! त्याला बारा तास कशाला लागतात? माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दहा तासांत माणूस गाडी चालवायला लागतो. निश्चय: उद्यापासून स्वतः मोजणार. कुणाला पत्ता लागणार नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
कॉलेजच्या फाटकासमोर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी लावली. शिकाऊ म्हणून बँकेतल्या बाई सोबत, म्हणजे संशयाला जागा नाही. छपरावरच्या पाटीवर माझं नाव आहे, पण पाट्या कोण वाचतं?
९.०५ लेक वर्गात. ११.०० अंगण ओलांडून प्रयोगशाळेत. तिथे सगळे उभ्याने काम करतात, खिडकीतून दिसतं. शिक्षण बसून होतं, उभ्याने होते ती मजुरी. तो वेळ ‘इतर’ या रकान्यात टाकला.
बाईंकडून सतरा वेळा रिव्हर्स पार्किंग करून घेतलं. तिसरा गिअर कधी शिकवणार, असं विचारत होत्या. पाया पक्का हवा म्हटलं.

३ सप्टेंबर, बुधवार
मधल्या सुट्टीत काचेवर टकटक. लेक! कालही तूच होतास ना, म्हणाली. इथून चाललो होतो म्हटलं. तिला वाटलं, मी तिला भेटायला येतोय. दोन वर्षांत पहिल्यांदा आपणहून आलास, म्हणाली आणि डोळे पुसले. मेणाची दाढ दाखवली, स्वतः कोरलेली. दाढ झकास होती. गैरसमज दूर करणार होतो, पण घंटा झाली.

५ सप्टेंबर, शुक्रवार
आता रोज सुट्टीत मागच्या सीटवर येऊन बसते. आज सांगत होती, आईचा पगार घरभाड्यातच जातो. पोटगी सुरू झाली नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा दुकान. मी विषय बदलला.
दुपारी बेरीज केली. अकरा तास वीस मिनिटं! सोमवार मोजलेला नाही, पण सोमवारी कोण मनापासून शिकवतं? तक्ता जोडून हरकत पोस्टात टाकली. जिंकलो. त्या आनंदात घेतलेला समोसा अर्धाच टाकून दिला. बाहेरचं खाणं सोसत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार
मोजायचं काही उरलं नव्हतं, तरी गेलो. सवय. तिने मैत्रिणींना गाडीपाशी आणलं. हे माझे बाबा, म्हणाली. रविवारी गाडी शिकवशील का, विचारलं. हो म्हटलं. माझ्या लेकीला मी काय शिकवणार नाही?
निश्चय: हरकत मागे घ्यायची. उद्या सकाळी, पहिलं काम.

९ सप्टेंबर, मंगळवार
कार्यालयात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, लेखी अर्ज द्या. पण हरकतीची प्रत नियमाप्रमाणे कालच समोरच्या पक्षाला गेली. तक्त्यासकट? हो, तक्त्यासकट.
फोन ठेवला. लगेच डोकं चालवलं: पत्र आपणच आधी गाठायचं.

१० सप्टेंबर, बुधवार. सकाळी ११
पत्रपेट्या तिच्या आईच्या इमारतीच्या जिन्याखाली. कुलूपबंद. पिनेने प्रयत्न केला, पीन आतच मोडली. एका आजोबांनी हटकलं. मीटर बघायला आलोय म्हटलं. मग मीटर बघावे लागले, चारही मजल्यांवरचे.
हरकत नाही. पेटीच उघडत नसेल तर पत्र मिळणार कसं? अर्जाचीही आता घाई नको.

११ सप्टेंबर, गुरुवार
सुट्टी झाली, ती आली नाही. एक वाजता फाटकापर्यंत आली, गाडीकडे पाहिलं आणि परत फिरली. परीक्षा जवळ आली असेल. रविवारी विचारू.

१४ सप्टेंबर, रविवार
सकाळी आठपासून गाडी धुऊन तिच्या घरासमोर उभा होतो. बारा वाजले, ती खाली आली नाही. पत्र बहुतेक मी पिन मोडायच्या आधीच पेटीतून घरात गेलं होतं. भीती वाटते आहे. दुसरं काही लिहवत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार
कार्यालयाचा निर्णय आला. हरकत फेटाळली. प्रयोगशाळेतली शिकवणीही धरतात. माझ्याच तक्त्याप्रमाणे चार दिवसांत एकवीस तास. पुरावा इतका तपशीलवार आहे की कॉलेजकडे विचारणा करण्याची गरज भासली नाही, सहकार्याबद्दल आभार. पोटगी १ सप्टेंबरपासून लागू.
दुपारी लेकीचा मेसेज. इतक्या दिवसांत पहिला. बाबा, उद्यापासून येऊ नकोस. हजेरी कॉलेज घेतं.
चार वाजता बँकेतल्या बाई आल्या. सवयीने कॉलेजच्या रस्त्याला वळत होत्या. सरळ घ्या म्हटलं. कुठपर्यंत, त्यांनी विचारलं. तिसरा गिअर टाका, म्हटलं.