बीथोव्हेनच्या फोटोचा हार

मी, शैला दौलत चाळके, वय एकोणऐंशी, निवृत्त संगीतशिक्षिका, राहणार परळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. कान गेलेत, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडलाय, कारण पुतण्या हितेंद्र शंका काढणारच.

१. माझी खोली, आणि चाळ पाडून टॉवर झालाच तर बदल्यात मिळणारं घर, पुतणी मेघना हिला द्यावं. अट एकच. दर रविवारी सकाळी तिथे मुलांचा संगीताचा वर्ग भरला पाहिजे. मेघना म्हणते, काकी, हल्ली सगळं मोबाइलवर ऐकायला मिळतं. मिळतं गं बाई, पण मोबाइल कुणाचा हात धरून ठेका शिकवत नाही. वर्ग बंद पडला तर घर शेजारच्या बालवाडीला जाईल. मेघनाने हे दोनदा वाचावं.

२. भिंतीवरचा बीथोव्हेनचा फोटो वर्गाचा. मुलांना मी सांगितलं होतं, की हा जर्मनीतला माणूस, बाप मारकुटा, पुढे कान गेले, तरी चाली रचायचा थांबला नाही. डिसेंबरात त्याची जयंती म्हटल्यावर पोरांनी चाळीची रीत पाळली. फोटो टेबलावर, झेंडूचा हार, उदबत्ती. दारातून हार दिसला आणि संध्याकाळपर्यंत अख्खा मजला माझं सांत्वन करायला आला. शेवंतीबाई तर रडल्यासुद्धा. तुमचे कोण हो, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "लांबचे, पण घरचेच." मग प्रसादाचा शिरा सगळ्यांनी खाल्ला. तेव्हापासून जयंती दरवर्षी होते.

३. हितेंद्र चाळ कमिटीचा सेक्रेटरी. परक्यांच्या जयंत्या परवानगीशिवाय करू नयेत, अशी नोटीस त्याने लावली आणि वर्गाला मंडळाच्या हॉलमधून बाहेर काढलं. तेव्हापासून वर्ग माझ्या खोलीत भरतो. गणपतीत भिंतीएवढे स्पीकर लावणाऱ्या या गृहस्थाला एका कीबोर्डचा गोंगाट होतो. त्याला माझं कानाचं यंत्र द्यावं. सेल नवे घालून द्यावेत.

४. यजमानांचा बेंजो वर्गाला. लालबागच्या बेंजो पार्टीत ते जन्मभर वाजवत राहिले आणि माझ्या फोटोतल्या गोऱ्या साहेबाला नावं ठेवत राहिले. पण त्यांच्या शेवटच्या गणपती विसर्जनाला त्यांनी कोळीगीताच्या मध्येच साहेबाची एक चाल घुसवली. लोक नाचले. कुणाला काही कळलं नाही, मी मात्र फुटपाथवर उभी राहून रडले.

५. शेजारच्या जाईबाईला शिऱ्याची कढई द्यायची होती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून कढई तिने आजच उचलून न्यावी.

६. वर्गातली मनवा सहा वर्षांची आहे. तिच्या हिशेबी हार म्हणजे वाढदिवस. मागच्या जयंतीला तिने विचारलं, "आजी, तुमच्या फोटोला हार कधी घालायचा?" तिच्या आईने धपाटा घातला. मी म्हटलं, मारू नको, बरोबर विचारतेय, लवकरच घालू. तर तो पहिला हार मनवाने घालावा. कुणी तिची समजूत दुरुस्त करायला जाऊ नये. शिरा हवाच. आणि तो दिवस रविवार निघाला तर आधी वर्ग, मग स्मशान. मी थांबेन.

सही: शैला दौलत चाळके

साक्षीदार: १. जाईबाई तांडेल (कढई मिळाली) २. विनीत कासारे

परळ, मुंबई. १४ डिसेंबर २०२५, रविवार, वर्ग सुटल्यावर.