जमुनाबाईंच्या हातची पेज

सोमवार, ९ जानेवारी १९३९. गोंदिया

कापलं माझ्या खेमूला! मुतखडा निघाला — सुपारीएवढा. डॉक्टरांनी तळहातावर ठेवून दाखवला. एवढ्याशा पोराच्या पोटात दगड! हे रेल्वेच्या ड्यूटीवर, बालाघाटकडे. इथे दवाखान्यात मी आणि सासूबाई. पोराच्या केसांनासुद्धा क्लोरोफॉर्मचा वास येतोय.

मंगळवार, १०

डॉक्टर म्हणाले, "आजपासूनच पेज, दूध सुरू करा. उपाशी पोराची जखम भरत नाही, बाई." त्यांची पाठ वळली आणि सासूबाईंनी वाटी उचलून नेली. "अन्न गेलं की टाके पिकतात. माझ्या दिराचे पिकले होते. विसरलीस?"

नुसतं पाणी पाजलं. दिवसभर त्याचं एकच — आई, भात. आई, भात.

गुरुवार, १२

भात मागायचा थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय त्याला! नर्स सुशीलाबाईंनी त्याचे डोळे पाहिले आणि सासूबाईंसमोरच ओरडल्या, "पोराला सुकवून मारायचं आहे काय?"

मग मी वाटी घेतली. सासूबाईंकडे बघितलंच नाही. पण आता खेमूच तोंड उघडेना. दात घट्ट. जबरदस्तीने चमचा घातला, तर सगळं ओकला. टाक्यांवर ताण आला, केवढा किंचाळला! माझ्याकडे पाठ करून झोपला आहे.

शुक्रवार, १३

शेजारच्या खाटेवर सौंदडकडची मुलगी आहे, शामकला. पोटातलं गळू कापलंय. ताप उतरत नाही. तिची आई जमुनाबाई सकाळी पेज घेऊन बसल्या होत्या. मुलीने मान फिरवली. तशी तीच वाटी घेऊन बाई खेमूकडे आल्या.

"काऊन रे, कोनावर रुसून रायला? आईवर? मंग माह्या हातचं खाय. तिले दाखवूच नोको!"

आणि पदर आडवा धरला — माझ्या नि त्याच्या मधे! पदरामागून भुरका ऐकू आला.

मी भिंतीकडे तोंड करून रडले. तो जेवला म्हणून, की माझ्या हातचं नको म्हणून — कोण जाणे.

रविवार, १५

खेमू उशीला टेकून बसला आज! टाके कोरडे आहेत. जमुनाबाई दिसल्या की हसतो.

शामकलाच्या ओठांवरून मात्र पेज ओघळते. जमुनाबाई पुसतात, पुन्हा चमचा लावतात. "तुमचा खाऊन रायला, माही खात नाही. का करू बाई?" डॉक्टर तिच्या खाटेपाशी आता बोलत नाहीत.

सोमवार, १६

शामकला गेली. उजाडता उजाडता. तिचा बाप बिसराम तिला घोंगडीत गुंडाळून पांगोली नदीच्या काठी पुरायला घेऊन गेला. जमुनाबाई बाहेर ओट्यावर.

खेमू विचारतो, "काकी कुठंय?" माझ्या हातून दोन घास घेतले, पुढे नको.

सासूबाई कानाशी आल्या. "आता तिचा हात लेकराला लावू देऊ नको. कालपर्यंत गोष्ट वेगळी होती." मी रागावले नाही. माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं — खोटं कशाला लिहू?

मंगळवार, १७

जमुनाबाईंची गावाकडची गाडी दुपारची. सकाळी त्या दारात आल्या. हातात पेजेची वाटी, गरम. आत येईनात. "देऊ का, बाई?"

सासूबाई त्यांना अडवायला उठू लागल्या. मी आधी उठले, खेमूजवळची जागा सोडली.

बाई बसल्या. चमचा फुंकला. "खाय वं, शामे," म्हणाल्या.

खेमूने तोंड उघडलं.