हातभर आउट

स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स
९ मे १९५८

प्रिय बाबा,

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याला शेक घेताय ना? दुकानात दिवसभर बूट शिवत उकिडवे बसू नका, स्टूल घ्या. मी सांगून तुम्ही ऐकणार नाही, हे माहीत असूनही लिहिते.

इकडची बातमी अशी की शब्दकोशाच्या कचेरीत नऊ वर्षं दुसऱ्यांची कार्डं टाइप केल्यावर मला अखेर अर्थ लिहायला माझा स्वतःचा शब्द मिळाला. मोठ्या डौलाचा एखादा लॅटिन शब्द मिळेल म्हणून मी नवा ब्लाउज घालून गेले होते. हॉलोवेल साहेबांनी चौदाशे कार्डांचे खोके टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मिस पिंकहॅम, लांबलचक शब्द कुणीही करतं. हा घ्या. 'आउट'."

मला हसूच आलं. त्यात काय, बाहेर म्हणजे आउट! पण बाबा, चार महिने त्यानं मला झोपू दिलं नाही. दिवा विझला की आउट, कळी उमलली की तीही आउट. गुपित फुटलं, हिशेब चुकला, कामगार संपावर गेले, सगळीकडे हाच. मुळाशी गेले तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला 'ऊत'. जर्मनांचा 'आउस' त्याचा सख्खा भाऊ, आणि हिंदुस्थानातल्या संस्कृतात 'उद्' म्हणून एक चुलतभाऊ बसलाय, वर किंवा बाहेर निघण्याचा. आपण येताजाता 'बट' म्हणतो ना, 'पण' या अर्थी? त्याच्याही पोटात हाच. मुळात त्याचा अर्थ 'बाहेर, वगळून' असा होता. एवढ्याशा शब्दाचा एवढा गोतावळा! रोज संध्याकाळी वाटायचं, हे सगळं तुम्हाला सांगावं. आणि रोज मी टाळलं. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या घरात सत्तावीस वर्षं हा शब्द कुणी उच्चारलेला नाही.

खेळातला अर्थ मी मुद्दाम शेवटी ठेवला. चार जुलै एकतीसचा बेसबॉलचा सामना कुणी विसरलंय? शेवटचा डाव, बरोबरीला एका धावेची गरज, आणि आपल्या गिरणीच्या संघाचा लाडका रॉस्को लिबी होम प्लेटकडे, जिला शिवलं की धाव पुरी होते तिच्याकडे, धुळीतून घसरत आला. सगळं गाव बरोबरीचा जल्लोष करत होतं आणि तुम्ही, गावचेच पंच, उजवा हात वर करून आउट म्हणालात. त्यानंतर आपल्या गावच्या माणसांनी बूट शिवायला नदीपलीकडे नेले. आईनं दोन हिवाळे शिवणकामावर काढले. तुम्ही मात्र एवढंच म्हणायचात, "प्लेटच्या आधी त्याला चेंडू लागला." पुन्हा मैदानावर पाऊल ठेवलं नाहीत.

तर, या अर्थाखाली उदाहरण म्हणून द्यायला मला छापील वाक्य हवं होतं. वर्तमानपत्रांची क्रीडापानं चाळत होते. ओहायोतल्या एका छोट्या पत्रात एका शाळेच्या प्रशिक्षकाची मुलाखत दिसली. नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच. रॉस्को लिबी! पोरांना प्रामाणिकपणा शिकवताना तो त्यांना आपल्या गावचा तोच सामना सांगतो. त्याचे शब्द जसेच्या तसे देते: "मी चांगला हातभर आउट होतो. त्या दिवशी अख्ख्या मैदानात खरं बोलणारा एकटा पंचच होता."

मी तेच वाक्य कार्डावर उतरवलं. साहेब म्हणाले, "इतक्या किरकोळ पत्रातलं?" मी म्हटलं, "बोलणारा स्वतः आउट झालेला आहे साहेब, याहून मोठा जाणकार कुठून आणू?" मग त्यांनी कात्रण पुन्हा वाचलं. "पंचाचं नाव पिंकहॅम. तुमचे कोण?" "वडील." "मग हा पक्षपात झाला." नऊ वर्षांत मी त्या माणसापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "वाक्य माझ्या वडिलांचं नाही साहेब. ज्याच्यापायी गावानं त्यांना खोटं ठरवलं, त्याचं आहे." शेजारची टाइपयंत्रं थांबली. साहेबांनी चष्मा पुसला, कार्डावर सही केली आणि म्हणाले, "राहू द्या. चोख वाक्य आहे." काल ते पान छापून आलं, बाबा! पुसता येणार नाही अशा शाईत.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते. त्या दिवशी तुमचा हात वर गेला, तेव्हा कुंपणामागून पहिली आरोळी आली, "आंधळा पंच!" मग सगळे ओरडले. ती पहिली आरोळी माझी होती. अकरा वर्षांची होते, मैत्रिणींमध्ये उभी होते, आणि मला तुमची लाज वाटली. माझा आवाज तुम्ही ओळखला नसेल असं होणं शक्य नाही. तरी रात्री जेवताना तुम्ही मला मक्याचं सर्वांत कोवळं कणीस दिलंत. मला क्षमा करा. पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीनं पान घेऊन येतेय. दाढी करून, कोट घालून स्टेशनवर या. तिथून आपण दोघं भर बाजारातून चालत न्हाव्याच्या दुकानात जाऊ. शनिवारी तिथं सगळे जुने खेळाडू बसलेले असतात. तुम्ही खुर्चीत बसायचं, आणि मी ते वाक्य वाचणार आहे, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तुमचीच,
थर्झा