सिंह कमी जेवतो तो महिना

जळगाव,
८ जून २०२५

चि. चंदन हिस पारसमलचे अ. उ. आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र आखाजीच्या सणाआधीच आलं होतं. उत्तर लिहायला बसलो की एक नवी काळजी सुचायची. म्हटलं, सगळ्या काळज्या गोळा करून एकदाच लिहू. पण त्या संपेचनात. फोन करावा तर माझं कानाचं मशीन शिट्टी मारतं आणि तू म्हणतेस मी ओरडतो. तेव्हा पत्रच बरं.

तुझा नातू जिनेश ठिबकच्या कामासाठी नैरोबीला राहतो आणि आपल्या दोघा म्हाताऱ्यांना तिथलं जंगल दाखवायचं म्हणतो, हे त्याचं मोठेपण. महिना मात्र आपण ठरवायचा, असं तू लिहिलंस. तीच तर पंचाईत आहे.

जिनेशने माझ्या सुनेला, चेलनाला, सांगितलं की जुलै ते ऑक्टोबर सगळ्यात चांगला काळ. गवत वाळून आखूड होतं, जनावरं पाण्यावर जमतात, विल्डबीस्ट नावाची हजारो जनावरं नदी ओलांडतात. बाई गं, पण तो तर आपला चातुर्मास! चार महिने मी नशिराबादच्या पुढे जात नाही आणि आफ्रिकेला जाऊ?

दुसरं त्याहून वाईट. त्याने पाठवलेला व्हिडिओ चेलनाने दाखवला. नदीत मगरीने एका जनावराचा पाय धरला. मी तिथेच मोबाइल पालथा घातला आणि नवकार मंत्र म्हटला. ज्याला लोक चांगला काळ म्हणतात तो सिंहाच्या आणि मगरीच्या जेवणाचा काळ आहे. आपण मुद्दाम तिकीट काढून तो बघायचा, म्हणजे हिंसेला मान डोलावण्यासारखंच झालं. तेव्हा जिनेशला नीट विचारून घे, की सिंह सगळ्यात कमी कोणत्या महिन्यात जेवतो. त्या महिन्यात जाऊ.

गुडघ्याला तेल लावत जा. आशीर्वाद आहेतच.
तुझा भाऊ,
पारसमल


धुळे,
१७ जून २०२५

ती. भाऊंना चंदनचा सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न मी जिनेशला जसाच्या तसा विचारला. तो इतका हसला की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, आजीसाहेब, सिंह बाराही महिने जेवतो, त्याच्यात एकासन-बियासनाची व्रतं काही नसतात. फक्त एप्रिलमध्ये तिकडे धो धो पाऊस असतो, गवत माणसाएवढं वाढतं, गाड्या चिखलात रुततात आणि काहीच दिसत नाही. म्हणजे भाऊ, तुमच्यासाठी एप्रिल उत्तम. आफ्रिकेला जायचं, गाडीत बसायचं आणि गवत बघून परत यायचं.

थट्टा सोडा. मी आपल्या जैन स्थानकात साध्वी महासतीजींना विचारलं. मला वाटलं होतं, तिकडे ऑगस्टमध्ये पाऊस नसतो, म्हणजे चातुर्मासाची अडचण नसावी. त्या म्हणाल्या, नियम तुम्ही घेतलाय, आभाळाने नाही. तेव्हा ऑगस्ट मीच खोडला. पण सिंहाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, दिसलं म्हणून दोष नाही, त्यात गोडी घेतली तर दोष. तुम्ही गोडी घ्याल असं मला वाटत नाही. तुम्हाला तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा काळजीच वाटते, की मीठ जास्त झालं असेल.

जिनेशचं काम मार्चमध्ये संपतं आणि तो परत येतो. म्हणून फेब्रुवारी. तेव्हा त्या विल्डबीस्टची पिल्लं जन्मतात, सगळं माळरान पिल्लांनी भरतं म्हणे. भाऊ, आयुष्यभर मी जिथे गेले तिथे कुणाच्या लग्नाला गेले, नाहीतर कुणाच्या सांत्वनाला. केवळ मला बघायचंय म्हणून मी आजवर कुठेच गेले नाही. मला हत्तींचा कळप बघायचाय. फेब्रुवारी चुकला तर मग राहिलंच. हो म्हणा.

चेलनाला आणि घरी सगळ्यांना आशीर्वाद. माया आहे तशीच ठेवा.
आपली,
चंदन


जळगाव,
२ जुलै २०२५

चि. चंदन हिस अ. उ. आशीर्वाद.

फेब्रुवारीचा मी पुष्कळ विचार केला. मेहरूण तलावावर माझ्याबरोबर देवचंद सर फिरायला येतात. ते शाळेत भूगोल शिकवायचे. मी त्यांना विचारलं, फेब्रुवारीत तिकडे स्वेटर लागेल का. ते म्हणाले, तिथून विषुववृत्त जातं, हिवाळा असा नसतोच, पण माळावर पहाटे गार असतं. म्हणजे स्वेटर घ्यायचा की नाही, हे शेवटी कळलंच नाही. सूर्य मात्र तिथे वर्षभर साधारण साडेसहालाच मावळतो. सूर्यास्तानंतर काही न घेण्याच्या माझ्या चौविहाराला हे बरं. पण जंगलातली गाडी नेमकी तेव्हाच परत येते, म्हणजे रोज उपाशी झोपायचं.

शिवाय तू पिल्लांचं लिहिलंस आणि मी सरांना विचारलं, की मग तेव्हा सिंह काय करतो. त्यांनी विषय बदलून तलावातल्या पाण्याचं काढलं. मी समजलो. मोठं जनावर निदान पळू तरी शकतं, पिल्लाचं काय?

म्हणून मला एक सुचलंय. आपण पालच्या जंगलात जाऊ. रावेरहून जवळ आहे, डबा घरचा नेता येईल, रात्री परत. तिथे सिंह नाही, पण आपल्याला सिंह हवाय कशाला? हत्तीही नाही म्हणतात. मोर मात्र नक्की. महिना कोणताही चालेल, चातुर्मास उठल्यावर.

रागावू नकोस.
पारसमल


धुळे,
१८ जुलै २०२५

ती. भाऊंना सा. न. वि. वि.

मोर माझ्या गच्चीवर येतो.

मी फेब्रुवारी पक्का केला. शेजारच्या रुक्माबाई माझ्याबरोबर येतात. त्या सिव्हिलमध्ये नर्स होत्या. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी महिना विचारला नाही, सिंह विचारला नाही, फक्त विचारलं की बॅग केवढी घ्यायची. पिवळ्या तापाची लस घ्यायला आम्ही दोघी मिळून जाणार आहोत.

चेलना म्हणत होती, तुम्ही नवे कॅनव्हासचे बूट आणलेत आणि दुपारी गच्चीवर घालून फिरता. पालला जायला चपला पुरतात, भाऊ. ती असंही म्हणाली, की हत्तीचे व्हिडिओ तुम्ही आवाज बंद करून बघता. त्याचा तुमचा तुम्ही विचार करा. गाडीत अजून एक जागा आहे. ती जिनेशने सोमवारपर्यंत धरून ठेवलीय, मग त्याच्या ऑफिसातल्या कुणाला देणार आहे.

तुम्ही घरी सुखात राहा. मी फोटो पाठवीन.
चंदन


जळगाव,
२३ जुलै २०२५

चि. चंदन हिस अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. चेलनाने बुटांचं सांगायला नको होतं. ते मी पायाच्या तळव्यासाठी आणलेत.

खरं लिहितो. काळजी सिंहाची नव्हती. आपण पाच भावंडं होतो, त्यातले तू आणि मी उरलो. तुला शुगर, गुडघा, आणि तो परका मुलूख. तिथे तुला काही झालं तर मला कळणार कसं, आणि कळून तरी मी काय करणार, हे मनात यायचं. तोंडातून काढवत नव्हतं, म्हणून सिंहाचं नाव घेत होतो. वाटलं होतं, मी एकेक महिना खोडत गेलो की तू कंटाळून बसशील. तू बसली नाहीस. लहानपणीही कधी बसली नाहीस.

रुक्माबाई नर्स आहेत हे चांगलं, पण तू औषध घेतलं की नाही हे त्यांना तुझ्या चेहऱ्यावरून ओळखता येणार नाही. मला येतं. आणि इथे बसून काळजी करण्यापेक्षा तुझ्या शेजारी बसून केलेली बरी.

तेव्हा मी येतो. खाकरे, मेथीचे आणि साधे दोन्ही, मी आणीन. सूर्यास्ताचं जिनेशने बघावं, त्याने गाडी लवकर फिरवावी. सिंहाचं मी ठरवलंय. त्याचं जेवण सुरू झालं की मी डोळे मिटून नवकार म्हणत बसेन. त्याचं आटोपलं की मला कोपराने ढोस. मात्र त्या वेळात हत्ती आले, तर सिंहाचं आटोपायची वाट बघू नकोस, लगेच ढोस.

ती जागा अजून आहे ना? तुझं पत्र हाती पडेपर्यंत सोमवार उलटला, पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र आपल्या दालमिलचा ड्रायव्हर चुडामण याच्याबरोबर पाठवतोय. उत्तर हातात पडल्याशिवाय धुळ्यातून हलू नको, असं त्याला बजावलंय. गाडीत तूरडाळ भरलेली आहे आणि आभाळ भरून आलंय, तेव्हा दोन ओळी का होईना, लगेच लिहून दे.

तुझा भाऊ,
पारसमल