हातांना विश्रांती

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नळ सोडायला गेले आणि उजव्या मनगटातून अशी कळ आली की खालीच बसले. काल झोपताना हात ठणठणीत होता! आता बोटं फुगलेली, गरम, अंगठी रुतलेली. संधिवात. इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी न कळवता येतो — हक्काच्या पाहुण्यासारखा.

नवऱ्याने भुवया उडवून विचारलं, काय झालं? त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आमचा सगळा संसार हातांनी बोलून चालतो. ‘दुखतंय’ एवढं सांगायला दोन्ही हात हलवावे लागले. त्यातच जीव गेला.

४ फेब्रुवारी

तरी चष्म्याच्या दुकानात कामावर गेले. दांडीचा बारीक स्क्रू चिमटीत धरवेना, सारखा खाली पडत होता. मालकांनी हातातून पेचकस काढून घेतला आणि काचा पुसायला दिल्या. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, संधिवाताचा भडका आहे, गोळी वाढवा, मनगटाला पट्टा बांधा, बर्फाचा शेक द्या. आणि हातांना पूर्ण विश्रांती. विश्रांती! म्हणजे घरात तोंड शिवून बसायचं.

६ फेब्रुवारी

सासूबाईंचं ठरलं. नणंदेकडे राहायला जाणार, कायमच्या. ती रविवारी गाडी घेऊन येणार आहे. मी एका हाताने ताटं मांडत होते तेव्हा हे सांगितलं. वर, "त्याला तू सांग."

पोटचा मुलगा. त्याच्यासाठी एवढ्या वर्षांत शिकल्या काय, तर — जेव, ये, पुरे. बाकीचं आधी नणंद सांगायची, मग मी आले. मोबाईलवर लिहा म्हटलं, तर म्हणे त्याला लिहिलेलं धड कळत नाही. ते मात्र खरं आहे. मग म्हटलं, माझा हात उचलवत नाही.

"एवढंसं तर सांगायचंय."

एवढंसं! तुझी आई तुला सोडून चालली, हे एवढंसं. आणि त्याने ‘का’ विचारलं, तर? मला कारण सांगितलंय त्यांनी. तिकडे दोन शब्द बोलायला माणूस आहे म्हणे. हे मी माझ्या हातांनी त्याला सांगू?

७ फेब्रुवारी

ब्लाउजची बटणं सासूबाईंनी लावून दिली. लावता लावता विचारलं, सांगितलंस का.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ

नवरा रागावलाय. त्याला वाटतंय मी फुगून बसले आहे. तो काहीही विचारतो, मी नुसती मान हलवते — दुसरं करू काय? जेवताना त्याने माझा हात हातात घेतला, चोळायला. कळ मस्तकात गेली. मी हिसडा दिला. त्याला दिसला तो फक्त हिसडा. त्याने डोळे मिटून घेतले. आमच्यात डोळे मिटणं म्हणजे दार लावून घेणं. मी समोर बसून रडले असते तरी त्याला कळलं नसतं. म्हणून रडलेही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सूज उतरली! कप उचलला, केस विंचरले, मूठ वळली. कोणाला बोलले नाही.

सासूबाईंची बॅग दाराशी. नणंद खाली गाडीत. म्हणाल्या, "आता तरी सांग त्याला."

"हात उठत नाहीत," मी म्हटलं. धडधडीत खोटं. पट्टासुद्धा मुद्दाम बांधून ठेवला होता.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग जाऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग बॅगेकडे केला, मग दाराकडे. त्याला समजलं नाही, की समजूनही तो तसाच बसून राहिला, कोण जाणे. त्यांनी सगळं पुन्हा केलं. मी मधे पडले नाही. जरासुद्धा नाही.

मग त्याने उठून बॅग उचलली.

९ फेब्रुवारी

आज त्याने माझा पट्टा सोडला आणि बोटं एकेक करून वाकवून पाहिली. मी कळवळले नाही. त्याला सगळं कळलं. वाटलं, आता भडकेल. हातांनी म्हणाला — ‘आईने काल पहिल्यांदा मला स्वतः काहीतरी सांगितलं.’

तेही, जाते म्हणून.