चोरून न भरलेली शाळा

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
गुरुवार, २७ मार्च १९८६

प्रिय विनय,

आधी एक चूक दुरुस्त करते. फेब्रुवारीतल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तुर्कांच्या राज्यात ग्रीक मुलांना शिकायला बंदी होती, म्हणून ती रात्री चर्चच्या तळघरात पाद्र्याकडे चोरून शिकायची आणि त्या शाळांमधूनच १८२१चा उठाव उभा राहिला. हे मला माझ्या ग्रीक घरमालकीण एव्हान्थियाबाईंनी सांगितलं होतं. त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मी तपासून न पाहता तुला लिहून टाकलं. गेले तीन आठवडे तपासते आहे. त्या काळातला भरवशाचा पुरावा मला कुठेच सापडला नाही. उलट बऱ्याच शहरांत ग्रीकांच्या शाळा उघडपणे चालत होत्या, काही चांगल्या नावाजलेल्याही होत्या. चोरून भरणाऱ्या शाळेची गोष्ट देश स्वतंत्र झाल्यावर मोठी झाली. त्याच पत्रात मी पुढे लिहिलं होतं, 'म्हणजे अगदी माझ्यासारखं, मीही चौथीपर्यंत घरीच शिकले.' तेही चूक. ते जास्त चूक.

तू म्हणशील, हिला प्रबंध लिहून लिहून वेड लागलंय, दीडशे वर्षांपूर्वीच्या शाळांचं आता काय. पण माझं ते वाक्य तुझ्यापाशी, सनीव्हेलला, थांबलं नाही. तू ते फोनवर तुझ्या आईला वाचून दाखवलंस. कौतुकानंच दाखवलंस, मला माहीत आहे. आता तुझे आईवडील, काका-काकू, पुण्याहून तुझ्या बहिणीकडे, दीपाताईकडे, एडिसनला आलेत, आणि गेल्या रविवारी काकूंचा मला फोन आला. आवाज इतका मोकळा की मी उभी होते ती खाली जिन्यावरच बसले. म्हणाल्या, "अगं, विनयनं सांगितलं मला. वडिलांनी शाळेत न घालता घरीच शिकवलं, पहाटे उठवून पाठांतर करून घेतलं. हल्ली कोण करतं गं एवढं? मी यांना म्हटलं, नावावरून कळलं नव्हतं, पण घर आपल्यासारखंच दिसतंय." मग म्हणाल्या, पाडवा गुरुवारी येतो, म्हणून इथल्या मराठी मंडळानं तो शनिवारी, बारा तारखेला ठेवलाय. सुरुवातीला एखादं स्तोत्र तू म्हण, आणि ते झालं की तिथंच सगळ्यांसमोर तुमचं जाहीर करू. मी "हो काकू" म्हटलं. कशाला हो म्हणते आहे हे मला त्या वेळी कळत होतं. त्यांनी मध्ये एकदा विचारलं, "पाठांतर काय काय झालंय गं?" मी गप्प राहिले. त्यांना तो नम्रपणा वाटला. "बरं बरं, तिथंच ऐकू," म्हणाल्या.

त्याच दिवशी मी तुला फोन केला. तू आधी खूप हसलास, मग म्हणालास, "टायमिंग बघ ना नंदा. आधी एंगेजमेंट होऊन जाऊ दे. एकदा आईला तुझी सवय झाली की मी हँडल करतो. खोटं कुठे बोलतोय आपण? तिनंच समजून घेतलंय." काल तुझं पाकीट आलं. त्यात स्तोत्राची कॅसेट आणि चिठ्ठी, 'दोन दिवसांत पाठ होईल तुला, स्कॉलर!' होईल. कालच एकदा ऐकली, तर अर्धी पाठ झालीसुद्धा. मला भीती वाटते ती त्याचीच. मी ते उत्तम म्हणेन, उच्चार स्वच्छ असतील, काकूंच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि त्यानंतर काहीही सांगितलं तरी ते फसवणुकीचा खुलासा म्हणूनच सांगितलं जाईल.

मी घरी का शिकले ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, सलग कधी सांगितलेलं नाही. बाबा सावनेरजवळच्या एका गावी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी मला पहिलीत घातलं तेव्हा गुरुजींनी वर्गात जागा नाही असं सांगून मला दाराबाहेर ओसरीवर गोणपाटावर बसवलं. मी एकटी नव्हते, आमच्या वस्तीतली आणखी दोन मुलं होती. फळा दिसत नसे. गुरुजी मारायचे वगैरे नाहीत, आमच्याकडे बघायचेच नाहीत. पाटीवर काढलेलं दाखवायला मी एकदा आत गेले तर त्यांनी खडूनं उंबरा दाखवला. बाबा शाळेत जाऊन बोलले. मग पंचायतीत बोलले. तिथं त्यांना सांगण्यात आलं की कायदा आम्हालाही कळतो, राजाराम, पण गावाला जरा वेळ द्या. बाबा घरी आले आणि माझं दप्तर त्यांनी स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवलं. तेव्हापासून सकाळी दवाखान्यात जाण्याआधी बाबा वाचन घ्यायचे. हिशेब गिरजाआत्याकडे. ती स्वतः शाळेत गेली नव्हती, पण बाजारात भाजी विकून तिला पावकी-निमकी इतकी पक्की होती की मला अजून अपूर्णांकांची भीती वाटत नाही. पहाटेचं पाठांतर होतं हे खरं. ती पालीतली वंदना होती. आणि आम्ही चोरून काहीच करत नव्हतो. दार सताड उघडं असायचं. माझे पाढे रस्त्यावर ऐकू जायचे, गुरुजी त्याच रस्त्यानं शाळेत जायचे.

म्हणून ती तुलना चूक होती. बाबांना परंपरा जपायची नव्हती, मुलीला फळा दिसावा एवढंच हवं होतं.

आता इथली बातमी. ग्रीकांचा स्वातंत्र्यदिन पंचवीस मार्चचा. तो मंगळवारी आला म्हणून चर्चच्या हॉलमधला मुलांचा कार्यक्रम आपल्या मंडळासारखाच सुट्टीच्या दिवशी, रविवारी, उरकला. मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून एव्हान्थियाबाईंनी मला तालमींना ओढलं होतं. मुलांना पांढरे चुणीदार घागरे, कंबरेला पुठ्ठ्याच्या तलवारी. तुर्क व्हायला कुणी तयार नव्हतं. एक मुलगा रडकुंडीला येऊन ओरडला, "आय वॉज द टर्क लास्ट इयर!" शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. इंग्रजीतली प्रस्तावना मी लिहून द्यायची होती. त्यात त्रिपोलित्सा जिंकल्याचं वाक्य होतं. त्यापुढे मी आणखी एक वाक्य घातलं, की शहर पडल्यावर तिथले हजारो मुसलमान आणि ज्यू रहिवासी, बायकामुलांसकट, मारले गेले. तुर्कांनी पुढच्या वर्षी खिऑस बेटावर केलेली कत्तल प्रस्तावनेत आधीच होती. मला वाटलं, एक लिहायचं तर दुसरंही लिहावं.

एव्हान्थियाबाई त्रिपोलित्साजवळच्या गावच्या. त्यांचे खापरपणजोबा त्या वेढ्यात होते, आणि येताना घोडा घेऊन आले, ही त्यांच्या घरातली अभिमानाची गोष्ट. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे, पोरी. घोडा कुणाचा होता हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. पण मुलांच्या कार्यक्रमात आम्ही ते सांगत नाही." मग मला चिडवायला म्हणून म्हणाल्या, "तू काय तुझ्या लग्नात तुझ्या घरातलं सगळं सांगणार आहेस?" हॉलच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. वाक्य मी काढून टाकलं, कारण तो त्यांचा कार्यक्रम होता आणि मी पाहुणी होते. पण माझ्या प्रबंधात ते राहील, आणि हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिथं लिही ना, तिथं कोण वाचतंय!"

पाडव्याच्या कार्यक्रमात मी पाहुणी नसेन. रविवारपासून माझ्या डोक्यात एवढंच फिरतं आहे.

बाबांना मी प्रबंधाबद्दल पानंच्या पानं लिहिली. अमेरिकेतल्या गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून ग्रीसमधल्या उपाशी लोकांसाठी पिठाची पिंपं आणि कपडे भरून जहाजं कशी पाठवली. ते पीठ फक्त बायका, मुलं, म्हातारे यांच्यासाठी होतं, तरी हत्यारबंद लोक मध्ये कसे येत. तुर्कांशी लढाई चालू असतानाच ग्रीकांची आपसात दोनदा यादवी कशी झाली. ज्या सेनापतीच्या नावानं आज मुलं टाळ्या वाजवतात त्याला स्वतंत्र देशाच्या नव्या सरकारनंच फाशीची शिक्षा सुनावली होती, मागाहून माफ केली. बाबांच्या उत्तरात एकच प्रश्न होता, 'तुर्क गेल्यावर जमीन कोणाला मिळाली?' मी शोधलं. तुर्कांची जमीन सरकारची झाली, आणि ती कसणाऱ्यांना वाटायला पुढची चाळीसेक वर्षं गेली. लढताना सगळ्यांना सांगितलेलं होतं, आधी तुर्क जाऊ देत, मग आपलं आपण बघू. हे ऐकून बाबा काय म्हणतील ते तुला ठाऊक आहे. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद आमच्या घरी चहाबरोबर चालायचा. बाबा म्हणायचे, 'मग बघू' असं ज्याला सांगतात तो नेहमी तोच असतो.

तू मला 'मग बघू' म्हणालास त्यात दुष्टपणा नव्हता. त्या लढणाऱ्यांतही बहुतेकांत नसणार. तुर्क जायलाच हवे होते, ते गेले हे चांगलंच झालं, असं मी प्रबंधात स्वच्छ लिहिलं आहे. तसंच आपलं लग्न व्हावं असं मला वाटतं, हेही इथं स्वच्छ लिहिते, नाहीतर तू हे पत्र भलत्या अर्थानं वाचशील. मला तू हवा आहेस. काकूही मला आवडतात. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "थंडीत पायात मोजे घालतेस ना?" आई गेल्यापासून हे मला कुणी विचारलेलं नाही. म्हणूनच मला ते दुसऱ्या कुणाच्या नावावर घ्यायचं नाही. त्यांनी ते ज्या मुलीला विचारलं ती त्यांनी मनात तयार केलेली आहे. तिला ओसरीवर कुणी बसवलं नव्हतं.

मला धीट समजू नकोस. रविवारपासून मी तीनदा दीपाताईचा नंबर फिरवून फोन ठेवून दिला. काकू काय म्हणतील याच्या मी सगळ्या शक्यता मनात मांडून पाहिल्या. त्या रडतील. काका वर्तमानपत्र उचलून दुसऱ्या खोलीत जातील. दीपाताई म्हणेल, एवढं काय, आजकाल कोण बघतं, आणि ते ऐकायला मला सगळ्यात जड जाईल. किंवा काकू दार लावून घेतील. तसं झालं तर तू कुठे उभा राहशील, हे मला खरंच माहीत नाही, आणि ते माहीत नसताना मी साडी नेसून स्टेजवर उभी राहू शकत नाही.

हे पत्र परवानगी मागायला लिहिलेलं नाही. तुझ्या आईला ही गोष्ट माझ्या तोंडून कळायच्या आधी तुला कळावी, एवढ्यासाठी लिहिलं. फोनवर तू मला हसवून गप्प करतोस, म्हणून लिहिलं. सोमवार-मंगळवारपर्यंत ते तुला मिळेल. तुला वाटलं तर तू आधी आईशी बोल, मला चालेल. तुझं तिकीट अकरा तारखेचं आहे, ते अलीकडे घेऊन माझ्याबरोबर आलास तर मला बरं वाटेल. नाही आलास तरी मी जाणार आहे. काकूंना फोन करून मी एवढंच सांगेन की तुम्हाला भेटायला येते, तासभर हवा आहे. तिथं गेल्यावर बाबांचं नाव, आमची वस्ती, ती शाळा, सगळं क्रमानं सांगेन आणि मग त्यांनी ठेवून घेतलं तर जेवून येईन. दिवस ठरवला आहे. शनिवार, पाच एप्रिल.

तुझी होऊ पाहणारी,
नंदा