तिकडच्या बाई

सोमवार, २ सप्टेंबर

नवं गाव, नवी शाळा, नवी वही! वर्ग तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातला. दोन बाजूंना खिडक्या, समोर चादरीएवढा पडदा, प्रत्येक बाकावर एक टॅबलेट, आणि भिंतीवर खिळ्यांना ओळीनं टांगलेले चोवीस हेडफोन, प्रत्येकावर नंबर चिकटवलेला. आधीच्या शाळेत एका मोडक्या टेपरेकॉर्डरवर मी सहा वर्षं परकी भाषा शिकवली. इथलं वैभव बघून उड्या माराव्याशा वाटल्या. मारल्या नाहीत, कारण हेडबाई शेजारीच उभ्या होत्या.

लेक माझ्याच वर्गात आहे, सहावीत. शाळेत बाई म्हणायचं, घरी आई, असं मी तिला बजावलं. तिनं मान हलवली. तिचे बाबा घर सोडून गेले त्याला वर्ष झालं. तेव्हापासून ती बहुतेक मानच हलवते. डॉक्टर म्हणतात, बोलेल तिच्या कलानं. तोवर दोघींच्या वाटचं मी बोलते, ते मला जड नाही. पण इथे तिनं बोलतं व्हावं, आणि पहिल्यांदा माझ्याशी व्हावं, एवढ्यासाठी तर बिऱ्हाड हलवलं.

बुधवार, ४ सप्टेंबर

आज पहिला जोडवर्ग. लांबच्या एका देशातली चोवीस मुलं आपली भाषा शिकतात, आमची चोवीस त्यांची. दर बुधवारी साडेदहाला दोन्ही वर्ग व्हिडिओवर समोरासमोर बसणार. होस्ट मी. होस्ट म्हणजे ज्याच्या कमरेला किल्ल्या तो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला म्यूट करायचं, कुणाला बाहेर काढायचं, सगळं त्याच्या एका बटणावर.

तिकडचं सगळं दोन सेकंद उशिरा पोचतं. आम्ही विनोद करायचा, मनात एक-दोन मोजायचं, मग तिकडे हशा. मुलांना त्याचीच गंमत वाटली.

त्यांची शिक्षिका माझ्याच वयाची, हसरी. मुलांनी लगेच नाव पाडलं, तिकडच्या बाई. मला बरी वाटली.

बुधवार, ११ सप्टेंबर

तिकडच्या बाईंना एका आठवड्यात माझ्या चोवीसही मुलांची नावं पाठ. मी अजून हजेरी बघून हाका मारते. तिनं चित्रांचं कोडं आणलं होतं, सगळ्यांनी एकाच पांढऱ्या फळ्यावर आपापल्या जागेवरून रेघा ओढायच्या. मुलं नुसती तुटून पडली. हेडबाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे हं. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हसले.

शेवटी तिनं फार गोड शब्दांत विचारलं की एखाद्या बुधवारी तिला होस्ट होता येईल का. मी बघू म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे तिला अजून कुणी शिकवलेलं दिसत नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

हे रागानं लिहितेय.

लेक आज बोलली. भर वर्गात उठून पडद्याजवळ गेली आणि तिकडच्या बाईंशी बोलली, त्यांच्या भाषेत, अडखळत, चुका करत. बाबा गेले तेव्हा मी रडले नाही, असं म्हणाली. आई रडत होती, म्हणून माझं राहून गेलं, असं म्हणाली. वर्षभर मी उशाशी बसून जे विचारत होते, ते तिनं चार मोडक्या वाक्यांत एका परक्या बाईच्या पदरात टाकलं. आणि ती भाषा कुणी शिकवली तिला? मीच.

तिकडच्या बाईंनी डोळे पुसले. मला त्या डोळ्यांचाही राग आला. आईनं खरं तर आनंदानं नाचायला हवं होतं. मी घरी येऊन भांडी आपटली. लेक तिथेच, वहीत तिकडच्या बाईंचं चित्र काढत बसली होती.

बुधवार, २५ सप्टेंबर

तिकडच्या बाईंना तोंडघशी पाडायचं ठरवूनच गेले होते. आज मुलांच्या जोड्या लावून त्यांना व्हिडिओतल्याच छोट्या वेगळ्या खोल्यांत पाठवायचं होतं. पडद्यावर अठ्ठेचाळीस चौकटी, कोण कुठे जातंय पत्ता लागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याची फजिती ठरलेली. ऐन त्या वेळी मी म्हटलं, आज तुम्हीच व्हा होस्ट. आणि बटण दाबलं.

तिनं एका झटक्यात जोड्या लावल्या. चोवीस खोल्या, चोवीस जोड्या, एक पोर इकडचं तिकडे नाही. उरलो आम्ही दोघी. आम्हालाही एक खोली. पडद्यावर फक्त तिचा चेहरा. माझ्या भाषेत, एकही चूक न करता, तिनं माझे आभार मानले. म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही कधीच देणार नाही. तिच्यामागे भिंतीवर खिळे दिसले, खिळ्यांना हेडफोन. असतील त्यांच्याकडेही.

तास संपला तेव्हा वर्ग बंद करायचं बटण माझ्याकडे नव्हतंच. शेवटी वायर उपटली.

गुरुवार, २६ सप्टेंबर

मुलं आज सुस्त होती. प्रश्न विचारला की नुसती बघत राहतात, मग एकदम सगळे हात वर. शिपाईमामांना खडू मागितला तर तेही तसेच, जरा थांबून दचकले. सकाळी लेकीला दूध हवं का विचारलं. एक, दोन. मग मान हलली. मला वाटलं रुसलीय.

शनिवार, २८ सप्टेंबर

लेक रुसलेली नाही. तिनंच सांगितलं. स्वतःहून बोलली माझ्याशी, आणि काय बोलली तर माझे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. तिकडच्या बाईंचा पूर्वी यायचा तसा.

मी हसून उडवून लावलं. हसू तिला कधी पोचलं, देव जाणे.

सोमवार, ३० सप्टेंबर

व्हरांड्यात हेडबाई भेटल्या. बोलता बोलता पुढे वाकल्या, डोळे बारीक केले, म्हणाल्या की हल्ली तुमचा आवाज मधेच तुटतो. दोन हातांवर होत्या माझ्यापासून. फोन नाही, पडदा नाही, काही नाही.

संगणक खोलीतल्या काकांना होस्ट परत घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, ज्यानं घेतलंय त्यानंच द्यायला हवं. मग म्हणाले, नोंद बघितली, होस्ट आपल्याच शाळेत आहे. कोपऱ्यातल्या वर्गात.

तिथे तर मी असते.

बुधवार, २ ऑक्टोबर

गांधी जयंती, तरी जोडवर्गापुरतं मुलांना बोलावलं होतं. साडेदहा. पडदा सुरू केला. तिकडे रिकामा वर्ग. बाकं, खिडक्या, माणूस नाही.

मागे वळले, तर मुलं माझ्याकडे बघत नव्हती. पडद्याशेजारच्या फळ्याकडे बघून हसत होती. मी टाळी वाजवली. मोठ्यानं गप्प बसवलं. तेव्हा सगळ्यांनी एकदम कानाला हात लावले आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. म्यूट असलेल्याला आम्ही करतो तशी खूण. मीच शिकवली होती.

ओरडले. पुन्हा तीच खूण. चोवीस बोटं.

तास संपताना त्यांनी पंजे हलवून निरोप घेतला. त्यांच्या ओठांवरून कळलं मुलं काय म्हणाली ते. तिकडच्या बाई, बाय.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

फळा पुसलेला होता. मी पुसला नव्हता. तारीख घातलेली, माझ्याहून सुंदर अक्षरात.

हजेरीवर माझी सही. मी केली नाही—

सुंदर अक्षर आहे. मेलीचं अक्षरसुद्धा.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

लेक शाळेतून आली. बडबड करत. चपला काढता काढता, हात धुता धुता, थांबेचना. वर्षभराचं साचलेलं सगळं. कुणाचा पेन हरवला, कोण पडलं, ती स्वतः कशी हसली. किती गोड बोलते माझी पोर. मी ऐकत उभी होते दारात.

मग कळलं. उत्तरं येतायत. स्वयंपाकघरातून. लगेच. मधे दोन सेकंद नाहीत—

शनिवार, ५ ऑक्टोबर

सकाळ. ऊन आहे. दोघी टेबलाशी, लेक आणि ती बाई. मी समोर, तीन पावलांवर. पुढे जाता येत नाही. चौकट आहे, दिसत नाही पण—

वही आहे हातात. तेवढीच.

लेकीनं मला पाहिलं. हात हलवला. मनगटातून, मुलं हलवतात तसा.

ती बाई म्हणाली की आता हिचं काय करायचं, तूच ठरव. लॅपटॉप लेकीपुढे सरकवला. होस्ट तू, म्हणाली. मी तिला दिलं होतं ना— तसंच, हसून—

हाक मारतेय. जीव तोडून. पोचत ना—

लेक विचार करतेय. तशीच, ओठ चावून. नको ग. माझी ना तू. माझी—

म्हणाली, बंद नको करूया. आई आहे ती. नुसती लहान करू. कोपऱ्यात राहील.

आई म्हणाली! मला म्हणाली, तिला नाही, मला—

बोट ठेवलं तिनं.

टेबल लांब गेलं. अक्षर बारीक होतंय, ओळीत चार ओळी मावतायत, पेन टोचतोय टाचणीसा— दिसतायत अजून. ती लेकीची वेणी घालतेय. सैल. किती सैल घालतेय, शाळेत जाईपर्यंत सुटेल, मी असते तर घट्ट—